कुंडलिका खारी होते तिथे

उन्हाळ्यात कुंडलिकेला जे पाणी असतं, त्यातलं बरंचसं मुळशीचं असतं. सह्याद्रीच्या पलीकडे मुळा नदीवर टाटांनी धरण बांधलं आणि १९२७ सालापासून ते पाणी कड्यावरून नळांतून भिऱ्याच्या वीजघरात उतरू लागलं. जे पाणी मुळेतून भीमेत, भीमेतून कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जायचं, ते भिऱ्याची जनित्रं फिरवून कोलाड-रोह्यावरून वाहत येतं आणि रेवदंड्यापाशी अरबी समुद्राला मिळतं. त्या धरणाखाली ज्यांची भातखाचरं गेली, त्या मावळ्यांसाठी सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे १९२१ पासून तीन वर्षं झगडले होते. नववीच्या वर्गात भूगोलाचा पहिला तास मी या पाण्याने सुरू करते. पुस्तक नंतर उघडतो.

रोह्याच्या परिसरातली मुलं ही नदी रोज बघतात. एसटीतून पूल ओलांडताना खिडकीतून बघतात, धाटावच्या कारखान्यांपाशी नाक दाबून बघतात, कोलाडला रबरी होड्यांतून आरडाओरडा करत जाणारे मुंबई-पुण्याचे लोक बघतात. ती पुढे कुठे जाते, असं विचारलं की सगळा वर्ग ‘समुद्राला’ म्हणतो. कुठल्या गावापाशी, कशी, मिळताना तिचं काय होतं, असं विचारलं की वर्ग शांत होतो. यात मुलांना मी कधी बोल लावला नाही. शाळेचं वेळापत्रकच असं आहे की नदी भूगोलाच्या तासाला येते, मिठाचं द्रावण विज्ञानाच्या, पोर्तुगीज इतिहासाच्या आणि तिथीचा संबंध कुठल्याच तासाशी नसतो. खाडीच्या तोंडावर मात्र ही सगळी मंडळी एकाच ठिकाणी, एकाच वेळी हजर असतात. म्हणून दरवर्षी नववीला घेऊन मी कोर्लईला जाते.

कोर्लईला जायचा दिवस सुट्ट्या बघून ठरवत नाही, तिथी बघून ठरवते. हे मला तिथल्याच एका वयस्कर नाखव्यांनी शिकवलं. भरती-ओहोटीच्या वेळा छापलेला कागद मी त्यांना दाखवला, तेव्हा त्यांनी तो परत माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, “बाई, तिथी सांगा. पाऊणकी येते ना?” तिथीला पाऊणने गुणायचं, येईल तो भरतीचा तास. चार पाऊणे तीन, म्हणजे चतुर्थीला तीनच्या सुमाराला पाणी भरणार, पहाटेही आणि दुपारीही. आठ पाऊणे सहा, म्हणजे अष्टमीला सहाला. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी सुकती. हिशेब अर्धापाऊण तास इकडेतिकडे होतो, पण जाळं कधी टाकायचं आणि होडी कधी लोटायची, यासाठी पिढ्यान्‌पिढ्या तो पुरला आहे.

पाऊणकी आता शाळेत कोणी म्हणून घेत नाही. मी घेते, त्या एका सहलीपुरती तरी. आणि मग फळ्यावर तिचं कारण मांडते. एका तिथीत चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे सरकतो. पृथ्वीला तेवढं फिरायला ४८ मिनिटं लागतात, म्हणून भरती रोज साधारण तेवढीच उशिरा येते. ४८ मिनिटं म्हणजे जवळजवळ पाऊण तासच. कोळ्यांनी हे गणित दुर्बिणीशिवाय, कागदाशिवाय, नुसत्या पायाखालच्या पाण्यावरून बसवलं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आगेमागे भांग, म्हणजे कमी चढउताराचं पाणी, हेही त्याच गणितात येतं. नववीच्या मुलांना हे समजतं. वर्गातली कोळ्यांची मुलं तर घरचं माणूस भेटावं तशी खुलतात. एरवी भूगोलाच्या तासाला मागच्या बाकावर गप्प बसणारा मुलगा त्या दिवशी फळ्यापाशी उभा राहून इतरांना भांगाची भरती समजावून सांगतो.

आम्ही चतुर्थी किंवा पंचमी धरतो. नऊ-दहाला पाणी पार खाली गेलेलं असतं. साळावच्या बाजूने खाडीकाठी उतरलं की समोर चिखलाचा लांबच लांब उतार. चिखल म्हणजे घाण, असा बहुतेक मुलांचा समज असतो. तो मोडायला निवट्या पुरेशा होतात. कालवणातल्या निवट्या सगळ्यांनी खाल्लेल्या असतात, पण मासा असून पाण्याबाहेर चिखलावर उड्या मारत फिरणारी, डोळे डोक्याच्या वर आणून टकमक बघणारी जिवंत निवटी फार थोड्यांनी पाहिलेली असते. शेजारी बिळांच्या तोंडाशी एक नांगी अंगापेक्षा मोठी असलेले लहान खेकडे. पाऊल वाजलं की सगळे एकदम आत. मग दहा मिनिटं वर्ग निश्चल उभा राहतो, ते बाहेर यावेत म्हणून. वर्गात दहा मिनिटांची शांतता मला छडी घेऊनही मिळाली नसती.

काठाला तिवर आहे. त्याचं पान उलटसुलट करून बघायला सांगते, मग जिभेच्या टोकावर टेकवायला सांगते. खारट. मुळांनी ओढलेल्या खाऱ्या पाण्यातलं नको असलेलं मीठ तिवर पानांवाटे बाहेर टाकतो. उन्हात निरखून पाहिलं तर पानावर त्याचे बारीक कण चमकताना दिसतात. चिखलातून बोटभर उंचीची शेकडो मुळं सरळ वर आलेली असतात. चिखलात हवा नाही, म्हणून ती श्वासासाठी वर येतात. कांदळाची तऱ्हा आणखी वेगळी. त्याचं बी झाडावर असतानाच रुजतं. लांब हिरव्या शेंगेसारखं ते रोप लोंबत राहतं आणि पिकलं की टोक खाली करून चिखलात पडतं. सुकती असेल तर तिथेच रुततं, भरती असेल तर तरंगत दुसऱ्या काठाला जातं. हे ऐकल्यावर एका मुलीने विचारलं होतं, “मग बाई, त्याला पण तिथी कळते?” त्या प्रश्नावर आम्ही बराच वेळ बोललो. बी तिथी बघत नाही, पण चिखलावर तासन्‌तास पाणी असण्यानसण्याच्या ज्या लयीत ते झाड लाखो वर्षं वाढलं, ती लय चंद्राचीच आहे.

तिथून होडीने मधल्या पाण्यात जातो, सगळ्यांच्या अंगात जीवरक्षक जाकिटं. एक बाटली वरच्या पाण्यात बुडवायची. दुसऱ्या बाटलीला दगड बांधायचा, तोंडाला बूच, बुचाला वेगळी दोरी. ती तळाशी गेली की झटका देऊन बूच काढायचं. शाळेत परतल्यावर दोन्ही पाणी वेगवेगळ्या पातेल्यांत आटवून उरलेलं मीठ तराजूत तोलायचं. निव्वळ समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असतं. आमच्या बाटल्यांत त्याहून कमी निघतं आणि तळाच्या बाटलीत वरच्यापेक्षा जास्त. खारं पाणी जड, ते भरतीबरोबर तळातून आत सरकतं. नदीचं गोडं पाणी हलकं, ते त्याच्यावरून बाहेर जातं. एकाच खाडीत एकाच वेळी वर एक दिशा आणि खाली दुसरी. मुलांना हे चित्र काढायला सांगितलं की वहीत बाण एकमेकांवर आदळत नाहीत, शहाण्यासारखे वरून-खालून जातात, आणि मला त्या वह्या तपासताना फार आनंद होतो.

याच पाण्याचा आणखी एक प्रयोग आहे आणि माझ्या मते या संपूर्ण दिवसात तो सर्वांत मोलाचा आहे. पावसाळ्यात कुंडलिकेचं गढूळ पाणी दोन बरण्यांत भरून ठेवायचं. एकीत मूठभर मीठ ढवळायचं. मिठाच्या बरणीतला गाळ तुरटी फिरवल्यासारखा गोळा होऊन खाली बसतो. दुसरी बरणी बराच काळ गढूळच राहते. मातीचे अतिसूक्ष्म कण गोड्या पाण्यात एकमेकांना दूर लोटतात. मीठ भेटलं की ते एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि तळाला जातात. नदी घाटावरून आणलेला गाळ खाडीच्या तोंडाशी का टाकते, याचं मोठं कारण त्या बरणीत दिसतं. त्या गाळावर तिवर उभे राहतात, निवट्या जगतात. आणि त्याच गाळाने बंदरं उथळ होत जातात.

बंदर म्हटलं की आम्ही डोंगर चढतो. कोर्लईचा डोंगर म्हणजे समुद्रात घुसलेलं लांब नाक. एका अंगाला खुला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी, मधे अरुंद धार आणि तिच्यावर किल्ल्याचे दरवाजे एकामागे एक. वर पोहोचलं की उत्तरेला पाण्यापलीकडे रेवदंड्याची तटबंदी आणि तिच्यामागे चौलच्या नारळी-पोफळीच्या वाड्या. शांत, हिरवं, सुपाऱ्या वाळत घातलेलं गाव. या गावाचं नाव एके काळी बगदाद-बसऱ्यापर्यंत ठाऊक होतं, हे मुलांना पटवायचं कसं? मी मसूदीपासून सुरुवात करते. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला हा अरब प्रवासी इथे आला. तो या बंदराला सैमूर म्हणतो आणि ओमान, सिराफ, बसरा, बगदादहून आलेले हजारो मुसलमान इथे घरदार करून राहतात, असं लिहून ठेवतो. मग १४६९. रशियातल्या त्वेरचा व्यापारी अफानासी निकितिन होर्मुझहून एक घोडा घेऊन चौलला उतरला. घोडा विकून चार पैसे मिळवावेत एवढाच त्याचा बेत. पण जुन्नरच्या सुभेदाराने घोडाच अडकवून ठेवला आणि धर्म बदललास तर परत देतो, म्हणाला. शेवटी एका खुरासानी माणसाने रदबदली केली आणि घोडा सुटला. रेवदंड्यात निकितिनचा स्मृतिस्तंभ आहे. वास्को द गामा कालिकतला पोहोचला तो १४९८ मध्ये, म्हणजे जवळजवळ तीस वर्षांनंतर. मुलं निकितिनपेक्षा घोड्याची चौकशी जास्त करतात, आणि ते बरोबरच आहे. घोडे हाच त्या काळी या किनाऱ्याचा मोठा व्यापार होता. आखातातून तारवांत भरून आणलेले घोडे इथे उतरत आणि घाट चढून बहमनी फौजांत जात.

पण मी सर्वांत जास्त वेळ घेते तो मार्च १५०८ च्या लढाईला, कारण ती लढाई समोरच्या पाण्यातच झाली. पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द अल्मेइदाचा मुलगा लोरेन्सो आपली गलबतं घेऊन या खाडीत होता. इजिप्तच्या सुलतानाचं आरमार अमीर हुसेनच्या हाताखाली चालून आलं, मागून दीवचा मलिक अयाज आपल्या होड्या घेऊन मिळाला. लढता लढता लोरेन्सोच्या जहाजाला गोळ्याने भगदाड पडलं, आत पाणी शिरलं आणि बाहेर पडायच्या धडपडीत ते खाडीच्या तोंडाशी मासेमारीसाठी रोवलेल्या खुंटांत अडकलं. सोबतच्या गलबतांना ते ओढून काढता आलं नाही. लोरेन्सो तिथेच मारला गेला. सूडापोटी बापाने त्या वर्षाच्या अखेरीला दाभोळ जाळलं आणि फेब्रुवारी १५०९ मध्ये दीवच्या समुद्रात विरोधी आरमार बुडवलं. पुढची शंभर-सव्वाशे वर्षं या समुद्रावर कोणाचा परवाना चालणार, ते दीवला ठरलं.

ही गोष्ट सांगून झाली की मी मुलांना फक्त खाली बघायला सांगते. खाडीच्या तोंडाशी आजही खुंट रोवलेले दिसतात. कोळ्यांची डोल त्यांनाच बांधतात. नरसाळ्यासारखं रुंद तोंडाचं, मागे निमुळतं होत गेलेलं ते जाळं प्रवाहाच्या समोर तोंड करून बसवायचं, भरती किंवा ओहोटीचं पाणी मासळी आपोआप आत आणतं, पाणी पालटायच्या वेळी जाळं उचलायचं. म्हणजे पुन्हा तिथी, पुन्हा पाऊणकी. एका वर्षी एका मुलाने विचारलं, “बाई, तो खुंट कोणी रोवला होता?”

याचं उत्तर कुठल्याही बखरीत नाही. पोर्तुगीजांनी व्हाइसरॉयच्या मुलाचा शेवट तपशिलाने लिहिला. ज्या कोळ्याने ताडाचा की कसला तो सोट पाण्यात ठोकला, त्याचं नाव लिहायचं कोणाच्या मनात आलं नाही. सागरी इतिहास म्हणून आपण मुलांना आरमारं, तहांची कलमं आणि सेनापतींची नावं देतो. ती द्यायलाच हवीत. कान्होजी आंग्रे माहीत नसलेला मुलगा या किनाऱ्यावर वाढू नये. पण ज्यांना प्रवाह कळत होता, खडक कुठे आहे, गाळ किती साचला हे ज्यांच्या पायांना माहीत होतं, ती माणसं या इतिहासात अर्धा वाटा मागणारी आहेत, असं माझं ठाम मत आहे. त्यांची नातवंडं माझ्या वर्गात बसतात, म्हणून मला ते आणखी तीव्रतेने वाटतं.

हा डोंगर पोर्तुगीजांनी १५९४ मध्ये निजामशाहीकडून घेतला आणि १७४० मध्ये तो रेवदंड्यासह मराठ्यांकडे आला. पोर्तुगीज गेले, भाषा राहिली. पायथ्याच्या कोर्लई गावातल्या ख्रिस्ती वस्तीत आजही घराघरात पोर्तुगीजमधून घडलेली आणि मराठीत मुरलेली एक बोली बोलतात. बोलणारे हजाराच्या आतबाहेर. उतरताना आम्ही त्या गल्लीतून जातो. एखादी आजी ओट्यावर मासळी निवडत असते, नातवाला हाक मारते, आणि मुलं कान टवकारतात. चटकन आमच्याकडे वळून ती अस्सल कोकणी ठसक्याच्या मराठीत विचारते, “कुठली शाळा तुमची?” मी मुलांना तिथे काही समजावून सांगत नाही. माणसांच्या दारात उभं राहून त्यांच्याविषयी व्याख्यान देणं मला आवडत नाही.

मग आम्ही दीपगृहाकडे जातो. ते डोंगराच्या समुद्राकडच्या अंगाला, पायथ्याशी आहे. मुलं धावतच वर चढतात, आणि बहुतेकांना पहिल्या क्षणी चुकल्यासारखं वाटतं, कारण त्यांना प्रचंड मोठा दिवा अपेक्षित असतो आणि आतला दिवा ओंजळीत मावेल एवढाच असतो. सगळी करामत त्याच्याभोवतीच्या भिंगाची. काचेच्या कड्या, एकीवर एक, प्रत्येकीचा उतार वेगळा. वर, खाली, बाजूला वाया जाणारा प्रकाश प्रत्येक कडी वाकवते आणि क्षितिजाच्या रेषेत सरळ बाहेर पाठवते. ऑगस्टिन फ्रेनेल या फ्रेंच अभियंत्याने ही रचना शोधली आणि १८२३ मध्ये कोर्दुआँच्या दीपगृहात ती पहिल्यांदा लागली. ते दीपगृहही एका खाडीच्याच तोंडाशी आहे. त्याआधी जळत्या ढलप्या, तेलाच्या वाती आणि मागे आरसे. अशा भिंगांना दिवसा पडदे लावून ठेवायची पद्धत आहे. सूर्य त्यातून उलट्या बाजूने आत आला तर आतलं सामान पेटवील. अपवर्तनाचा धडा त्या एका पडद्यापाशी जितका पक्का होतो, तितका प्रयोगशाळेत होत नाही.

मग गणित. गोल पृथ्वीवर माणसाला किती लांबचं दिसतं? मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढा, साडेतीनने गुणा, उत्तर किलोमीटरमध्ये. वाळूवर उभ्या मुलाचे डोळे दीड मीटरवर, क्षितिज चार-सव्वाचार किलोमीटरवर. ८० मीटरच्या माथ्यावरून तेच ३१ किलोमीटर. दीपगृहं उंच का, उंच डोंगर असेल तर पायथ्याला बुटकं बांधूनही कधी कधी का भागतं, हे पायथागोरसच सांगतो. उत्तरेला खांदेरीच्या बेटावर १८६७ सालची बत्ती आहे. बंदराच्या तोंडाबाहेर चौल कडूचा खडक आहे, त्याच्यापासून जपायचं असतं. नुसता उजेड दिसून खलाशाचं भागत नाही, तो कुठला उजेड आहे हे कळावं लागतं. म्हणून शेजारशेजारच्या दोन दीपगृहांची लय कधी सारखी ठेवत नाहीत. किती झोत, किती सेकंदांनी, हे प्रत्येकाचं ठरलेलं असतं आणि नकाशावर लिहिलेलं असतं. अंधार पडताना रेवदंड्याच्या पुळणीवर बसून मुलं घड्याळ धरून मोजतात. पहिल्यांदा सगळ्यांची उत्तरं वेगळी येतात. तिसऱ्या-चौथ्या खेपेला जुळतात, आणि मग मागची नोंद खोडून नवी लिहितात. निरीक्षण म्हणजे काय, हे यापेक्षा सोपं करून मला सांगता येणार नाही.

आता बोटींवर उपग्रहाने जागा दाखवणारी यंत्रं आहेत, लहान मचव्यावरच्या तांडेलाच्या खिशातही मोबाइल आहे. मग दीपगृह कशाला, असा प्रश्न दरवर्षी येतो. मी तो तांडेलांनाच विचारायला लावते. उत्तर बहुधा एकच असतं. यंत्र बंद पडतं, बॅटरी उतरते, मोबाइल भिजतो, आणि धुकट पहाटे परत येताना ओळखीचा झोत दिसला की मगच जिवात जीव येतो.

या दिवसाला फार खर्च नाही. लागतात त्या दोन एसट्या, एक होडी, जाकिटं, बाटल्या, दोरी, पाऊणकी आणि पालकांची परवानगी. कोकणातल्या प्रत्येक किनारी तालुक्याला स्वतःची खाडी आहे. सावित्रीला बाणकोट आहे, वाशिष्ठीला दाभोळ, शास्त्रीला जयगड, वाघोटणला विजयदुर्ग. प्रत्येकीच्या तोंडाशी किल्ला आहे, कांदळवन आहे, कोळीवाडा आहे, तिथून किंवा जवळून दिसणारी बत्ती आहे. शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे, आपल्या मुलांना आधी आपल्या नदीच्या तोंडाशी न्या. जिल्ह्याबाहेरची सहल पुढच्या वर्षी काढा. चतुर्थी किंवा पंचमी धरा, नऊच्या आत काठावर पोहोचा, पाण्यात उतरायचं की नाही हे गावातल्या कोळ्याला विचारूनच ठरवा, आणि तो जे सांगेल ते मुलांना वहीत लिहून घ्यायला सांगा.